चावी जास्त झाली म्हणे!

लंबकाचं घड्याळ बंद पडलं की घरात निदान एकच होतं: कुणीतरी चावी जास्त दिली! हा 'कुणीतरी' नेमका तेव्हा घरात नसतो. माझं म्हणणं एवढंच, की चावी जास्त देता येत नाही हो. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली की चावी थांबते. भरल्या स्प्रिंगनेही घड्याळ हलत नसेल तर सुकून चिकट झालेलं तेल दोषी. त्यातही कुणी खोबरेल सोडलं असेल तर काय विचारता! पारा 24 अंशांखाली गेला की ते चाकांसकट थिजतं.

स्प्रिंग खरंच गेली असेल तर हाताला कळतं. खटका (चावी उलटी फिरू न देणारी खीळ) टिकटिक वाजतोय, चावी फिरतेय आणि जोर काही लागत नाही, म्हणजे स्प्रिंगचं आतलं टोक मधल्या दांड्याच्या आकड्यावरून (हुकवरून) निसटलंय किंवा तुटलंय. थोडी भरते आणि मग घसरते? स्प्रिंग बहुधा मधेच तुटलीय. चावी सोडताच ती गर्रकन उलटी फिरून बोटं सोलते, तेव्हा मात्र स्प्रिंगला शिव्या देऊ नका. तो खटक्याचा गुन्हा. आठ दिवसांच्या घड्याळात बहुधा उजवं भोक चालीचं, डावं ठोक्यांचं. काटे फिरतात पण ठोके नाहीत, तर आधी डावीकडे बघा.

आता उत्साहाने पाना घेऊन पत्रे, म्हणजे चाकं ज्यांत बसवलेली असतात ते, खोलायला बसू नका. एक स्प्रिंग तुटली असली तरी दुसरी भरलेली आहे, आणि ती कुणाची भीड ठेवत नाही. चावी घट्ट धरून जराशी पुढे फिरवा, खटका उचला, अर्धा फेरा सोडा, खटका पुन्हा बसवा. स्प्रिंग पूर्ण सैल होईपर्यंत हेच. अमेरिकन घड्याळांत स्प्रिंग उघडीच असते, बॅरल, म्हणजे स्प्रिंगभोवतीची गोल डबी, नसतं. तिथे ती भरलेली असतानाच भोवती जाड तारेचं कडं घालायचं आणि मग सोडायची. हातमोजे, चष्मा हवाच.

खरी परीक्षा दुकानात. स्प्रिंगची रुंदी आणि जाडी व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजून न्या. अमेरिकन आठ दिवसांच्या घड्याळात साधारण पाऊण इंच रुंद, 96 इंच लांब आणि 0.45 मिलिमीटर जाड अशी स्प्रिंगची पट्टी सापडते. दुकानदार म्हणेल, "ही घ्या, जरा जाड आहे, उलट जोरात चालेल." जोरातच चालेल! ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 0.40 च्या जागी 0.45 घातली की जोर सुमारे 42 टक्के जास्त. पत्र्यातली भोकं झिजून लांबोळकी होतात. शिवाय जाड पट्टीचे वेढे कमी बसतात, म्हणजे आठ दिवसही भरत नाहीत.

तुटकं टोक बाहेरचं असेल तर नवी स्प्रिंग लागतेच असं नाही. शेवटचा इंचभर भाग लाल तापवून सावकाश निववायचा, भोक पाडून कानशीने कडा गोल करायच्या. दोनचार इंच गेल्याने फारसं बिघडत नाही. मधे तुटली तर मात्र जोडकाम नको.

बॅरलमध्ये स्प्रिंग वाइंडरनेच, म्हणजे ती गुंडाळायच्या हत्यारानेच, भरा. हाताने कोंबली की ती शंकूसारखी तिरपी होते आणि झाकणाला घासत राहते. आधी पुसून स्प्रिंगचं ग्रीस पातळ लावा.

सगळं जुळलं तरी खाचांच्या चाकाचं घड्याळ (ज्यात ठोके काट्यांवर नाही, तर चाकावरच्या खाचांच्या क्रमाने पडतात) दुपारी चारला नऊ ठोके देईल. ठोक्यांची तार उचलून एकेक तास वाजवत पुढे न्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.