ऑर्किड फुललं नाही, या तक्रारीवर नर्सरीचं उत्तर

ताई, नमस्कार.

आपण एक तारा देऊन लिहिलंय : एप्रिलअखेर ६५० रुपयांचं डेंड्रोबियम ऑर्किड नेलं, आठ दिवसांत फुलं गळाली, चांगल्या काळ्या मातीत शेणखत घालून लावलं, तरी दहा महिन्यांत कळी नाही, पैसे परत द्या. आपले दोन्ही फोटो नीट पाहिले.

आधी आमची चूक. झाडासोबत निगेची चिठ्ठी द्यायला हवी होती, ती दिली गेली नाही.

दुखणं मातीत आहे. डेंड्रोबियम रानात झाडांच्या खोडावर वाढतं, त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. आपली काळी माती भिजली की चिकटून बसते आणि मुळं गुदमरून कुजतात. एक मूळ चिमटीत धरून ओढा. साल सुटून हातात आली आणि आत तारेसारखा दोराच राहिला, तर ते गेलं. सुकल्यावर पांढरं, भिजल्यावर हिरवट आणि दाबून कडक लागतं ते जिवंत.

झाड उपसून मुळं धुवा, कात्री जाळावर धरून कुजकी मुळं छाटा. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, त्यात दहा मिनिटं बुडवा आणि एक दिवस सावलीत सुकू द्या. मग भरपूर भोकांच्या ५ इंची कुंडीत लोणारी कोळसा आणि विटांचे पेराएवढे तुकडे. माती चमचाभरही नको. पानं झडलेल्या जुन्या काड्या कापू नका, झाडाची शिदोरी त्यांतच असते. कधीकधी फूलही त्यांच्यावरच येतं.

पानं गडद हिरवी दिसतायत. दिसायला छान, पण उजेड कमी पडतोय. ती पोपटी हवीत. ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवा, मार्च ते मे दुपारी नेट दुहेरी करा. कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत आठवड्यातून एकदा, लिटरला १ ग्रॅम, पुरे. 'फुलाच्या टॉनिक'च्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, उजेडाविना त्या वायाच.

बोअरच्या पाण्याने मुळांवर क्षारांचा पांढरा थर धरतो. पावसाचं किंवा आरओचं पिण्याचं पाणी द्या. आरओच्या नळीतून वाया जाणारं मात्र नको, त्यात क्षार उलट जास्त असतात.

आणि ती आठ दिवसांत गळालेली फुलं? पहिल्या फोटोत कुंडीला टेकून आंब्यांची पेटी आहे. पिकत्या आंब्यांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने ऑर्किडची फुलं अकाली कोमेजतात. एरवी ती महिनाभर सहज टिकतात.

झाड जिवंत आहे, बुडाशी नवा कोंबही आहे, म्हणून पैसे परत देत नाही. पण कुंडी, कोळसा आणि लावणी आमच्याकडून, मोफत. कोंबाची काडी भरायला काही महिने लागतील, पावसाळ्याआधी फुलाची आशा धरू नका. आणताना सकाळी नऊच्या आत आणा. दुपारच्या उन्हात दुचाकीवरून आणलंत तर कोंब वाटेतच करपेल.