फेब्रुवारीचा पगार

सीटीसी, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ऐकून नातेवाईक खूश होतात, घर मात्र इन-हँडवर, म्हणजे हातात पडेल त्यावर चालवावं लागतं. दोन्ही आकड्यांत बाराही महिने जमीन-अस्मानाचं अंतर असतं, पण फेब्रुवारीत ते जास्त बोचतं.

प्रोफेशनल टॅक्सच घ्या. महाराष्ट्रात अकरा महिने २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००. का? तर राज्यघटनेने या कराला वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि २५०० ला बाराने नीट भाग जात नाही. उरलेले शंभर कुणाच्या तरी माथी मारायचे, तर ज्याचे दिवसच कमी त्याच्या मारले! लोकांना दुष्काळात तेरावा महिना लागतो, आम्हाला अठ्ठावीस दिवसांचा पुरतो.

पण शंभराचं काय घेऊन बसलात? खरा घाव टीडीएसचा, म्हणजे पगारातूनच कापल्या जाणाऱ्या इन्कम टॅक्सचा. जानेवारीत अकाउंट्सची मेल येते, ‘करसवलतीचे पुरावे जोडा’. नव्या टॅक्स रिजीममध्ये हे झेंगट नाही म्हणे. पण भाडं, विमा, पीएफ धरून आमचं गणित अजून जुन्यातच बसतं. भाडं वर्षाला लाखावर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. काकांकडे मागितला.

“भाडं तू देतोस ना? मग नंबर माझा कशाला?”

“टॅक्ससाठी, काका.”

“म्हणजे टॅक्स तुझा वाचणार आणि नाव माझं जाणार!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर सरकारचाही हेतू तोच असावा.

भरपूर आढेवेढे घेऊन काकांनी पॅन दिला. मग एका बैठकीत वर्षभराच्या पावत्या लिहिल्या, रेव्हेन्यू स्टँप चिकटवले, काकांच्या सह्या घेतल्या. भाडं खरं, सह्या खऱ्या, पण एकाच शाईतल्या त्या पावत्या बघून मलाच संशय यायला लागला. म्हणून काही पेन बदलून पुन्हा लिहिल्या. त्या तर सरळसरळ बनावट दिसायला लागल्या!

तोवर पोर्टल बंद. वर्षाचा राहिलेला टॅक्स फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणार, असं अकाउंट्सच्या मॅडमनी सांगितलं. “रिटर्न भरताना क्लेम करा, रिफंड येईल हो,” असा धीरही दिला.

समोर होत्याच, म्हणून विचारलं, “मॅडम, सीटीसीत ग्रॅच्युइटी दिसते, ती नक्की कुठे असते?”

“ती पाच वर्षं झाली की मिळते.”

“आणि त्याआधी सोडलं तर?”

“मग सीटीसीतच राहते.”