लागते, पण टिकत नाही

डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे, हजार फुटांहून खोल. वर शंभर वर्षं मोटारी बनवायच्या आणि खालून त्या मोटारी खाणारं मीठ उपसायचं, अशी या गावाची एकंदर व्यवस्था. हिवाळ्यात मीठ रस्त्यावर पडतं, बर्फ वितळवतं आणि उरलेल्या वेळात गाड्यांचे पत्रे चाटत बसतं. म्हणून इथे ज्याच्याकडे जुनी, हौसेची गाडी असते तो तिला नोव्हेंबरात गॅरेजमध्ये निजवतो आणि वसंतात उठवतो. निजवणं सोपं असतं.

माझी हौस म्हणजे 1991 ची माझदा मियाटा. दोन सीटा, कापडी टप, 1.6 लिटरचं इंजिन, 116 अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत, आणि बटण दाबलं की बॉनेटमधून वर येऊन टकमक बघणारे दिवे. बॅटरी डिकीत असते, त्यामुळे सामान कमीच न्यायचं. एका निवृत्त दंतवैद्याकडून सेकंड हॅण्ड घेतली. त्याने गाडीबरोबर पावत्यांची एक जाडजूड फाइल दिली. त्याने आयुष्यात गाडीसाठी घेतलेला प्रत्येक वायपर तीत क्लिप लावून ठेवलेला होता, म्हणजे त्याची पावती.

या गाडीच्या खानदानाची गोष्ट मी घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवतो, ऐकायचं असो वा नसो. साठच्या दशकात इंग्रजांनी फार देखण्या छोट्या स्पोर्ट्स कार काढल्या. दिसायला गोड, वळायला चपळ, आणि सकाळी सुरू होतील की नाही हे मालकाच्या पुण्याईवर. मग फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जपान्यांनी तसलीच एक गाडी मांडली. मोठी सुधारणा एवढीच, की ही रोज सुरू व्हायची. बघता बघता ती जगातली सर्वांत जास्त खपलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार झाली आणि 2016 मध्ये दहा लाखावी गाडी हिरोशिमातल्या कारखान्यातून बाहेर पडली.

या वसंतात माझी मात्र गॅरेजातून बाहेर पडेना.

मी एका मोटार कंपनीत नोकरी करतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण हा टोमणा मला येता-जाता सगळ्यांनी मारलेला आहे. मी ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. गाडी थांबवण्याबद्दल मला पुष्कळ कळतं. सुरू करणं दुसऱ्या डिपार्टमेंटकडे येतं.

आवरण काढलं, क्लच दाबला (त्याशिवाय ही सेल्फच घेत नाही), किल्ली फिरवली. सेल्फ खणखणीत घेतला. इंजिनाने पेटही घेतला. एक झकास हुंकार दिला आणि गप्प. पुन्हा मारला, पुन्हा हुंकार, पुन्हा गप्प. अजिबात न लागणारी गाडी परवडली. ती निदान आशा लावत नाही.

त्यातच पाडवा आला. पंचांगातला पाडवा कुठल्याही वारी येतो, अमेरिकेतला शनिवारीच येतो. आमच्याकडे जेवणं होती. श्रीखंड-पुरीच्या तिसऱ्या वाढीनंतर पुरुषमंडळींना कुठेतरी जाऊन उभं राहायचं असतं. बाहेर चार डिग्री. गॅरेजमध्ये बॉनेट उघडी टाकलेली गाडी. सगळे आपोआप तिच्याभोवती जमले, हात मागे बांधून वाकले आणि आत बघू लागले. बंद इंजिनाकडे बघून काय कळतं हे मला कधीच समजलेलं नाही, पण बघितलं प्रत्येकाने.

"बॅटरी," पहिले काका म्हणाले.

मी म्हटलं, काका, सेल्फ दणकून घेतेय, हिवाळाभर चार्जर लावलेला होता, मीटरवर साडेबारा व्होल्ट दाखवतंय. काका हसले. मग त्यांनी मिनेसोटात उणे पंचवीसमध्ये त्यांची व्हॅन कशी बंद पडली, मागे धाकटी कशी रडत होती, आणि शेवटी बॅटरीच कशी निघाली हे सांगितलं. गोष्ट फार चांगली होती. माझ्या गाडीचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्याने काकांना हळूच बाजूला सारलं. "पंप गेलाय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" त्याचा पंप हायवेवर गेला होता, आणि गाडीत भारतातून आलेले सासू-सासरे होते. त्या प्रसंगाचा सासूबाईंनी पुढे कसकसा उल्लेख केला हे ऐकताना सगळेच गंभीर झाले. त्यानंतर जगातल्या कुठल्याही गाडीत पंपाशिवाय दुसरं काही बिघडू शकतं हे त्या माणसाला पटणं शक्यच नव्हतं.

एका तरुणाने खिशातून स्कॅनर काढला, गाडीच्या पोर्टला जोडला की बिघाड वाचून फोनवर दाखवणारा. हा नुकताच एमएस करून नोकरीला लागलेला, स्कॅनर खिशात घेऊनच जेवायला येणारा. फोनवर ॲप उघडून तो डॅशबोर्डखाली शिरला. बराच वेळ फक्त बूट दिसत होते. मग आतून आवाज आला, "पोर्ट कुठंय?" पोर्ट नाही. ते अमेरिकेत 1996 पासून सक्तीचं झालं, ही गाडी पाच वर्षं आधीची. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अनुकंपा म्हणेन. जिला काय होतंय हे स्वतः सांगताच येत नाही, अशी गाडी त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

शेजारचा अमेरिकन गृहस्थ पिकअप धुता धुता आला. त्याने सेल्फवर हातोडीने दोन ठोके द्यायला सांगितलं. सेल्फ चांगला आहे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "मग हळू ठोक."

आणि या सगळ्यात दाराला टेकून, हातात मठ्ठ्याचा ग्लास घेऊन, आमचा एक मित्र उभा होता. तो काहीच सुचवत नव्हता. मधूनमधून घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "म्हणून मी इलेक्ट्रिक घेतली."

त्या दुपारी माझ्या लक्षात आलं, की यातला एकही जण माझ्या गाडीचं निदान करत नव्हता. प्रत्येक जण आपल्याच कुठल्यातरी जुन्या गाडीचं करत होता. जिने ऐन वेळी दगा दिला ती गाडी माणूस विकतो, पण डोक्यातून काढत नाही. दुसऱ्याचं बॉनेट उघडं दिसलं, की तो तीच गाडी परत एकदा दुरुस्त करायला घेतो.

रविवारी सकाळी मी ठिणगी तपासायला घेतली. पद्धत जुनी आहे. एका सिलिंडरच्या प्लगची वायर काढायची, तिला जादा प्लग जोडायचा, तो प्लग इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला लावून ठिणगी पडते का ते बघायचं. "कुणाला तरी" म्हणजे बायकोला. ती स्वेटरवर शाल, शालीवर माझं जॅकेट अशी येऊन बसली. त्याच वेळी सांगलीहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. फोन मी पान्यांच्या पेटीला टेकवून ठेवला.

"पेट्रोल आहे का?" बाबांनी विचारलं. सांगलीहून कुठल्याही वाहनासंबंधी पहिला प्रश्न हाच येतो. त्यांनी एकदा माझ्या विमानाला उशीर झाला तेव्हाही विचारला होता.

"आहे, बाबा."

"चोक दिलास?"

"हिला चोक नसतो."

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "जरा आडवी करून बघ."

बाबांनी वीस-एक वर्षं स्कूटर चालवली. रोज सकाळी अंगणात तिला कुशीवर कलती करायची, सरळ करायची, मग किक. हजार किलोची गाडी गॅरेजात आडवी कशी करायची हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मार्ग काढला असता.

"क्लच दाब," मी बायकोला म्हटलं, "आणि मी सांगेपर्यंत किल्ली सोडू नकोस. हं, मार!"

तिने मारला. प्लगवर निळी, टचटचीत ठिणगी पडली. मी खूश. आणि इंजिन लागलं. उरलेल्या तीन सिलिंडरांवर लंगडत, पण चालू राहिलं! सेल्फ तसाच फिरत असल्यामुळे असा काही किंकाळीवजा आवाज निघायला लागला की शेजारचा पाइप हातात घेऊन कुंपणाशी आला.

"सोड! सोड!"

तिने सोडली. इंजिन बंद.

बायको क्षणभर थांबली. मग मी काही म्हणायच्या आत तिने पुन्हा किल्ली फिरवली आणि धरून ठेवली. इंजिन चालू. सोडली. बंद.

"धरलं की चालते, सोडलं की बंद पडते," ती म्हणाली. "किल्ली सोडल्यावर काय वेगळं होतं ते बघ. मी जाऊ? कुकर लावलाय."

तिला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही असं ती स्वतः सांगते. मला तर हेच तिचं भांडवल वाटतं. तिच्या डोक्यात दुसरी कुठली गाडी बंद पडलेली नव्हती, म्हणून समोरची दिसली.

घोडं पेंड खात होतं ते नेमकं तिथेच. जुनी सर्व्हिस मॅन्युअल काढून वायरिंगचं पान उघडलं. या इंजिनात पेट्रोलच्या पंपाला वीज देणारा एक रिले, म्हणजे विजेच्या हुकमावर चालणारा स्विच, असतो, आणि त्या रिलेला दोन जणांचे हुकूम चालतात. किल्ली सेल्फवर असेपर्यंत हुकूम थेट किल्लीकडून येतो. किल्ली सोडली की पहिला साहेब रजेवर, आणि कारभार हवा मोजणाऱ्या मीटरकडे. हवेच्या वाटेत एक स्प्रिंग लावलेली झडप असते. इंजिन हवा ओढतं, झडप ढकलली जाते, आतला स्विच लागतो आणि पंप चालू राहतो. हा मीटर म्हणजे सरकारी कचेरीतला हेडक्लार्क: हवा आल्याची पावती दाखवा, मग पेट्रोल मंजूर. वरवर छळ वाटतो, पण योजना शहाणपणाची आहे. अपघातात इंजिन बंद पडलं की हवा थांबते, झडप मिटते आणि पंप पेट्रोल फेकत राहत नाही.

म्हणजे पंप शाबूत, ठिणगी शाबूत, बॅटरी शाबूत. हेडक्लार्कची सही मात्र रिलेपर्यंत पोचत नव्हती.

खात्री करायला एक युक्ती आहे. बॉनेटखाली एक छोटी काळी डबी असते, झाकणावर चक्क "डायग्नोसिस" लिहिलेलं. आत एफ/पी (म्हणजे फ्युएल पंप) आणि जीएनडी (म्हणजे ग्राउंड) अशी दोन भोकं. ती दोन तारेने जोडली की मीटरला न विचारता पंप चालू होतो. तार शोधायला लागलो आणि दंतवैद्याची फाइल आठवली. 1998 सालच्या टायरच्या पावतीची क्लिप काढली, सरळ केली, दोन्ही भोकांत खुपसली. किल्ली फक्त "ऑन"वर नेली. सीटांच्या मागून, टाकीतून, बारीक आवाज आला: ऊंऽऽऽ. सेल्फ मारला. इंजिन लागलं. किल्ली सोडली.

चालूच!

"लागली का?" फोनमधून बाबा ओरडले. "मी म्हटलं नव्हतं? कलती केलीस ना?"

मग एअर मीटरची प्लास्टिकची जोडणी उचकटून पाहिली. मागच्या वायरींचं काळं वेष्टण बारीक दातांनी कुरतडलेलं. एक वायर अर्धवट, दुसरी पार तुटलेली, तांबं चमकत होतं. मॅन्युअलमध्ये रंग ताडून पाहिला, तर हेडक्लार्कच्या सहीचीच वायर. खाली खोबणीत टिश्यू पेपरचा कापूस करून केलेलं अंथरूण, आणि उशाशी सूर्यफुलाच्या बिया रचून ठेवलेल्या. मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी आम्ही ज्या टांगतो, त्याच. सोलून ठेवलेल्या वेगळ्या, न सोललेल्या वेगळ्या. हिवाळाभर कुणीतरी या गाडीचा माझ्यापेक्षा चांगला उपयोग केला होता.

वायर सोल्डर केली, वर नळी चढवून तापवली, क्लिप काढून पावतीला परत लावली. पहिल्या सेल्फला गाडी लागली आणि टिकली.

संध्याकाळी मी एकेकाला कळवलं. इथे मला वाटलं होतं की सगळ्यांची निदानं चुकली, तर निदान थोडी शांतता लाभेल. पंपवाला म्हणाला, "म्हणजे पंप चालत नव्हता! मी काय सांगत होतो?" नव्हता चालत, हे खरंच. बॅटरीकाका म्हणाले, "करंट पोचत नव्हता ना? इलेक्ट्रिकल!" आता बॅटरी इलेक्ट्रिकलमध्ये येते, याला मी काय बोलणार. स्कॅनरवाल्याने शांतपणे लिहिलं की पोर्ट असतं तर एका मिनिटात कळलं असतं. बाबांनी घरोघर सांगितलं की इंजिनात पेट्रोल पोचत नव्हतं आणि ते त्यांनी सांगलीत बसून ओळखलं. शेजाऱ्याने विचारलं, "पण ठोकलं होतंस ना?"

उंदराचं कळल्यावर तर सगळे नव्याने कामाला लागले. डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचं तेल, हिंग, मांजर. प्रत्येकाला पूर्वी कधीतरी एक उंदीर भेटलेला होता आणि तो अजून पकडायचा राहिला होता. एकाने, गणपतीचं वाहन आहे, मारू नकोस, असंही बजावलं.

रात्री साडेदहाला फोन वाजला. इलेक्ट्रिकवाला मित्र. आवाज जरा दबका.

"तो उंदीर सापडला का रे?"

"नाही. बिछाना होता नुसता. गेला कुठेतरी."

"कुठे?"

मला काय माहीत? पण तो आमच्यापासून तीनच घरं सोडून राहतो, म्हणून मी दोघांच्याही समाधानासाठी एवढंच म्हटलं, की त्याला बहुतेक नवीन गाडी बघायची असेल.