मेंदूच्या नावावर खपवलेला राग

आज सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या एका काकांनी व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिले, "निर्णय मेंदू आधीच घेतो, माणसाच्या हातात काही नसते, हे विज्ञानानेच सिद्ध केले आहे." ज्यांच्या रागापायी काकू आयुष्यभर दबकून बोलत आल्या, त्यांनीच हे लिहावे याचा संताप अजून उतरलेला नाही.

व्हिडिओ मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ सालच्या प्रयोगाचा होता. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचे आणि तशी इच्छा झाली त्या क्षणी तबकडीवर फिरणारा ठिपका कोठे होता, ते सांगायचे. मेंदूतील विद्युत हालचाल मनगट हलण्याच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली, इच्छेची जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी. तेवढ्यावरून इच्छास्वातंत्र्य निकालात काढणाऱ्यांना हे ठाऊक नसते, की उरलेल्या त्या अवधीत माणूस कृती रोखू शकतो, असे खुद्द लिबेट मानत होते. शिवाय मनगट हलवणे वेगळे आणि समोरच्याला नेमके काय लागेल ते वाक्य शोधून बोलणे वेगळे.

ते रोखणे मी डोळ्यांनी पाहिले आहे. इस्त्री न झालेल्या शर्टावरून काका काकूंवर ओरडत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि आपटण्यासाठी उचललेला पेला हातात होता, तोच साहेबांचा फोन आला. पेला अलगद टेबलावर टेकला, घसा खाकरून झाला आणि "बोला ना सर, मोकळाच आहे" असे मधाळ शब्द बाहेर पडले. फोन संपताच पेला पुन्हा हातात आला.

आजोबांचा मार खात काका वाढले, हे मी विसरलेले नाही. त्या घरात वाढलेल्या मुलाला राग आवरणे इतरांपेक्षा जड जात असेल, हे मला पटते आणि त्या मुलाबद्दल मला वाईटही वाटते.

नियतत्ववादी, म्हणजे प्रत्येक कृती आधीच्या कारणांनी ठरलेली असते असे मानणारे, म्हणतील की फोनसुद्धा एक कारणच होता. बरे, तेही मान्य. वागणे त्याच्या परिणामांनी घडते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी आयुष्यभर मांडले. साहेबांवर ओरडले तर नोकरी जाते आणि काकूंवर ओरडले तर काहीच होत नाही, म्हणून पेला तेव्हा खाली आला. पण मग "त्यांचा स्वभावच तसा आहे" म्हणून आपण सगळे गप्प बसतो, ते गप्प बसणेही त्या कारणांतच मोजावे लागेल, आणि काकांना जाब विचारणे हेही नवे कारण ठरेल. म्हणजे नियतत्ववाद खरा मानला तरी काकांची सुटका होत नाही.

आणि माझा चुलतभाऊ नैराश्यामुळे अंथरुणातून उठत नव्हता, तेव्हा "मनावर घेतले तर काय अशक्य आहे?" असे त्याला सुनावणारे हेच काका होते. त्या मुलाला मेंदू नव्हता काय?