भिंतीत पैसा सापडतो तो पिक्चरमध्येच

आमच्या पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर 'रेड' परत फॉर्मात आलाय, तोच अजय देवगणचा 2018 चा, 1981 चं लखनौ, पुढाऱ्याच्या घरावर इन्कम टॅक्सची धाड वगैरे. मामाचं म्हणणं, असे चार ऑफिसर मिळाले की देश सुधारेल, आणि वर मला टोमणा, "तुमच्या लंडनला बरंय बाबा, तिकडे काळा पैसा चालतच नाही."

अरे मामा, चालत नाही काय, जगभरचा पैसा इथेच येऊन मुरतो! अझरबैजानच्या सरकारी बँकेचा माजी चेअरमन तिकडे तुरुंगात आणि त्याच्या बायकोने, झमीरा हाजियेवाने, इथे हॅरॉड्स या महागड्या दुकानात दहा वर्षांत 1 कोटी 60 लाख पाउंड उडवले, घर त्याच दुकानापासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि कागदावर मालक कोण होतं तर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधली कंपनी. तिथे भिंत फोडायला हातोडा घेऊन जाऊन करणार काय? 2018 पासून इथे कायदा आहे, कोर्ट एवढंच विचारतं की तुमची कमाई एवढी, मग हे घर आलं कुठून ते सांगा. नॅशनल क्राइम एजन्सीने कोर्टातून पहिली नोटीस हिलाच काढली. पण 2020 मध्ये कझाकस्तानच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या मुलीच्या केसमध्ये हीच एजन्सी तोंडावर आपटली, वर समोरच्या वकिलांची फी साधारण 15 लाख पाउंड भरायची वेळ आली. म्हणजे इथेही सगळं आलबेल नाहीये.

आणि पुण्याने तरी काय दिवे लावलेत? स्विस बँकेत काळा पैसा ठेवल्याचा आरोप असलेल्या कोरेगाव पार्कच्या हसन अलीवर 2007 ला धाड पडली आणि ईडीने अटक केली 2011 ला, तीही सुप्रीम कोर्टाने कान उपटल्यावर. ते सोडा, फ्लॅट घेताना व्हाइट किती ब्लॅक किती हे आपण कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारल्यासारखं विचारतो, ब्लॅकवाले लाख पिशवीतून पोचवतो, आणि संध्याकाळी सोफ्यावर बसून त्या ऑफिसरसाठी टाळ्या.

ग्रुपवरचं दुसरं भांडण ईडीचं, एक पार्टी म्हणते अजून आत टाका, दुसरी म्हणते फक्त विरोधकच दिसतात का. दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण पीएमएलएमध्ये, म्हणजे ईडीच्या मनी लॉन्डरिंगविरोधी कायद्यात, आधी अटक, मग जामिनासाठी वर्ष दोन वर्ष खेटे, आणि खटला कधी उभा राहील देव जाणे, हे काही मला झेपत नाही. आधी घराचा हिशोब मागा, नाही देता आला तर घर घ्या, माणसाला आत टाकायचं नंतर बघू. यावर दादाने 'एनआरआय ज्ञान' म्हणून हसणारा इमोजी टाकलाय, टाकू दे.