‘९९९’ कोरले म्हणून पितळेचे सोने होत नाही

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर दिवाळीपासून एक मजकूर फिरतो आहे. त्यात पिवळ्याधमक बिस्किटाचे छायाचित्र आहे, बिस्किटावर ‘१०० मिल्स, .९९९ फाइन गोल्ड क्लॅड’ अशी अक्षरे आहेत आणि खाली चार दावे आहेत: ९९९ म्हणजे चोवीस कॅरेट, १०० मिल्स म्हणजे सोन्याचा जाड थर, चुंबक चिकटत नाही म्हणजे माल अस्सल, आणि कोणतीही बँक यावर कर्ज देते. एरवी मी दुर्लक्ष केले असते. परंतु आत्याने नातीच्या बारशासाठी साडेचार हजार रुपयांना तेच बिस्कीट मागवले आणि ‘तीन तोळ्यांचं आहे बरं,’ म्हणत डबी माझ्यापुढे ठेवली, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

सर्वांत हास्यास्पद दावा मिल्सचा आहे. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. म्हणजे १०० मिल्स झाले २.५४ मिलिमीटर. आत्याचे बिस्कीट ५० मिलिमीटर लांब, २८ रुंद आणि जेमतेम २.६ जाड आहे. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटरचा थर द्यायचा, तर नुसता मुलामाच अख्ख्या बिस्किटाच्या दुप्पट जाड व्हायला हवा! कोणी म्हणेल, येथे इंचाचा दशलक्षांश भाग अभिप्रेत असेल. तसे धरू. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक नियमांनुसार ‘हेवी गोल्ड इलेक्ट्रोप्लेट’ म्हणवून घेण्यास असे शंभर भाग, म्हणजे सुमारे अडीच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर लागतो. या बिस्किटाच्या साऱ्या पृष्ठभागावर तो चढवला, तरी सोने भरते साधारण ०.१५ ग्रॅम. ग्रॅमला दहा हजार रुपये असा गोल आकडा घेतल्यास त्याचे दीड हजार होतात. प्रत्यक्षात स्वस्त मालावरचे सोन्याचे पाणी बहुधा मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. त्या हिशेबाने सोने सहा मिलिग्रॅम, किंमत साठ-बासष्ट रुपये. तेही खरवडून वेगळे काढायचा खर्च सोडून.

९९९ या आकड्याबाबत मात्र अर्धे सत्य मान्य करावे लागते. वर चढवलेले सोने हजारात ९९९ भाग शुद्ध असू शकते, आणि विक्रेता त्या अर्थाने खोटे बोलत नाही. तो आकडा थराचा आहे, बिस्किटाचा नाही, एवढेच तो सांगत नाही. ते सांगायला शेजारी ‘क्लॅड’, म्हणजे वरून मढवलेले, हा शब्द आहे. ‘प्लेटेड’, ‘जीपी’, ‘जीईपी’, ‘एचजीई’ यांपैकी काहीही कोरलेले असले, तरी अर्थ एकच: आत दुसरा धातू आहे.

हॉलमार्क नाही म्हणून माल खोटा, असे उत्तर गटावर कोणीतरी दिले. तेही बरोबर नाही. दागिन्यांवर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी हा हॉलमार्कचा ओळख क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, परंतु हॉलमार्किंगच्या २०२० च्या आदेशात सोन्याची बिस्किटे आणि नाणी सक्तीतून वगळलेली आहेत. नेमकी हीच फट अशा विक्रेत्यांच्या पथ्यावर पडते. बँकेच्या दाव्यावर फार शब्द खर्चायला नकोत: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अस्सल सोन्याच्या बिस्किटावरही कर्ज मिळत नाही, मग मुलाम्याचे काय घेऊन बसलात?

‘चुंबक चिकटत नाही, मी स्वतः पाहिलंय,’ हे आत्याचे शेवटचे अस्त्र होते. तांब्या-पितळेलाही चुंबक चिकटत नाही. कसोटीवर हलकेच घासले तरी कस वरच्या पाण्याचाच लागतो. म्हणून सराफ कानस चालवून खोल खाच पाडतो. आत्या कानस लावू देईना, म्हणून स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घेतला, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेले बिस्कीट तळाला टेकणार नाही अशा बेताने पाण्यात बुडवले. असा काटा बुडालेल्या वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन दाखवतो. बिस्किटाच्या वजनाइतके, म्हणजे ३१.१ ग्रॅम सोने बुडाले असते, तर काट्याने १.६ दाखवले असते, कारण सोने पाण्याच्या १९.३ पट जड असते. पितळ केवळ साडेआठ पट, म्हणून त्याचा आकडा ३.७ च्या आसपास यायला हवा. काटा ३.७ वर थांबला. आत्याने चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला, बिस्कीट पुसून डबीत ठेवले आणि पावती शोधायला कपाट उघडले.