तिसरी पिन तोडा म्हणे!

तीन महिने झाले. स्वतःच्या पैशाने आणलेल्या अँप्लिफायरवर मी एकच सूर ऐकतोय. घूंऽऽऽ. आपल्या विजेचे 50 हर्ट्झ आणि वर त्याची दुप्पट, 100. पेटीवर लावून पाहिलं, पांढरी पाचच्या किंचित वर. गवई कुठल्याही पट्टीत गावो, साथीला हा बसलेलाच. आई म्हणते, "तानपुरा कधीचा लावलायस, गाणं कधी सुरू होणार?"

दुकानदाराने आधी 2800 रुपयांची केबल गळ्यात मारली. सोन्याचा मुलामा वगैरे. मग म्हणे, स्पीकर लांब ठेवा. ठेवले. घूं लांबून यायला लागला.

मग इलेक्ट्रिशियन. बघितलं न बघितलं केलं आणि खिशातून पक्कड काढली. "साहेब, ती अर्थिंगची तिसरी पिन तोडून टाकू, आवाज जातो." टू-पिन अडॅप्टरवर लावून दाखवलं, आणि आवाज खरंच गेला! हेच तर डोक्यात जातं. अरे बाबा, उद्या आतली फेजची जिवंत वायर पत्र्याला टेकली तर ती वीज जमिनीत जायची सोडून माझ्यातून जाईल, त्याचं काय? "असं काही होत नाही हो."

शेवटी मेन बंद करून मीच बोर्ड उघडला. खालून येणारी अर्थिंगची हिरवी वायर नाहीच! अर्थच्या पट्टीला न्यूट्रलवरून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवरून, वायरचा तुकडा मारलेला. घरभराचा करंट न्यूट्रलमधून वाहतो, त्यामुळे त्यावर थोडे व्होल्ट चढतात. टीव्हीच्या केबलच्या आतली धातूची जाळी येते बाहेरच्या खांबावरून, तिचं अर्थिंग वेगळं. परत मेन चालू करून दोन्हींमध्ये मल्टिमीटर लावला, तर 3 व्होल्ट. सेट टॉप बॉक्स अँप्लिफायरला जोडला की ती वीज ऑडिओ केबलच्या जाळीतून फिरते आणि स्पीकरमधून घुमते. गीझर लावला की घूं चढतो. केबलची वायर उपटली, चिडीचूप. एवढ्यासाठी 2800 रुपये!

आणि घूं तर सोडाच. खाली कुठे न्यूट्रल तुटला, तर त्या तुकड्यातून फ्रिजच्या दारावर, वॉशिंग मशीनवर, सगळीकडे 230 व्होल्ट. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच, कुठे गेला असं इलेक्ट्रिशियनला विचारलं, तर "तो सारखा पडायचा साहेब, म्हणून काढला." अरे, तो पडत होता कारण तो एकटाच खरं सांगत होता!

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. अर्थिंगची वायर जिथे जमिनीत उतरते तो खड्डा? पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली गाडलाय. कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी, एवढंच मागतो बिचारा. "35 वर्षांत कुणाला काही झालं का? आणि हा आवाज तुम्हालाच कसा ऐकू येतो?" काका, मी गाणं ऐकतो म्हणून ऐकू येतो!

केबलच्या वायरीत आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन ही फिरणारी वीज अडवणारा तुकडा, घातला तर घूं जाईल, तो मी आणीन. पण बोर्डातला तो न्यूट्रलचा तुकडा काढला तर घराला अर्थिंगच उरत नाही, आणि ठेवला तर वर सांगितलं ते. नवा खड्डा "एजीएममध्ये बघू." एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा, सप्टेंबरात. तोवर गाणं ऐकायचं तर केबल उपटायची, आणि साडेसात ते दहा आईच्या मालिका असतात.